मामाचं जुनं आबू रील : प्रकल्प नोंदी, मे ते नोव्हेंबर २०२४

१८ मे २०२४, शनिवार, चौल

मामाच्या माळ्यावर आंब्याच्या आढीसाठी जागा करत होतो तेव्हा एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा सापडला, वर सुतळी बांधलेली, आत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं मासे गरवायचं रील. आबू अ‍ॅम्बॅसेडर ६५००सी. काळं, गोल, हातात घेतलं की वजन जाणवतं असं. मामा बोटीवर होता, त्याने हे रॉटरडॅमला घेतलं होतं आणि पुढची वीसेक वर्षं सुट्टीला आला की रेवदंड्याच्या किनाऱ्यावर यानेच गरवायचा. लहानपणी मी त्याच्या मागे कोळंबीचा डबा घेऊन उभा असायचो, पण हे रील हातात घ्यायची परवानगी कधी नव्हती.

खाली पायावर सहा आकडी नंबर कोरलेला आहे, पहिले चार ७८०९. या काळातल्या आबू रीलवर पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन महिन्याचे, म्हणजे सप्टेंबर १९७८. मामा म्हणतो घेतलं ७९ च्या उन्हाळ्यात, हिशोब बरोबर बसतो.

हँडल फिरतंय पण आत वाळू असल्यासारखं करकर करतं. बटण दाबून स्पूल, म्हणजे तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळायची चरखी, मोकळा केला आणि टिचकी मारली, मोबाईलवर वेळ लावला, ५ सेकंदात थांबला. मामाला विचारलं हे परत चालू करू का, तर म्हणाला "कर की, पण चालू करायचं तर लांब जाईल असं कर, नुसतं कपाटात ठेवायला नको."

तर काम ठरलं. त्याच रॉडवर, त्याच शिशावर (तंगुसाच्या टोकाला बांधायचं वजन) आधी किती लांब जातं ते मोजायचं, मग एकेक गोष्ट सुधारत जायचं आणि परत मोजायचं. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

१९ मे, रविवार, रेवदंडा

दुपारी ओहोटी होती, किल्ल्याच्या तटाच्या बाहेरची ओली वाळू लांबपर्यंत उघडी पडलेली, माणूस कोणी नाही. समुद्रात न टाकता किनाऱ्याला समांतर वाळूवर टाकलं म्हणजे टेपने मोजता येतं. हे करताना एक गोष्ट सगळ्यांनी पाळा, १०० ग्रॅमचं शिसं तंगूस तुटून सुटलं तर ते गोळीसारखंच जातं, पुढे आणि मागे कोणी नाही याची खात्री झाल्याशिवाय टाकायचंच नाही.

रॉड १२ फुटी, शिसं १०० ग्रॅम, तंगूस ०.४५ मिमीचा जो माझ्याकडे पडून होता तोच भरला. पाच फेक: ५२, ५८, ४९, ६१, ५५ मीटर. सरासरी ५५. एकदाही गुंता झाला नाही, आणि का झाला नाही ते पण कळतंय, स्पूल फिरायलाच तयार नाही तर गुंता होणार कसा. हाताला जाणवतं की शिसं पुढे जायला बघतंय आणि रील त्याला मागून धरून ठेवतंय.

रेवदंड्याला दुसऱ्या लाटेच्या पलीकडे थोडी खोलगट चर आहे, भरती चढायला लागली की मासा त्या चरीतून फिरतो. ती चर मी उभा राहतो तिथून अंदाजे ८०-९० मीटर. ५५ ला शिसं नुसतं फेसात पडतंय. म्हणून ही सगळी खटपट.

२ जून, रविवार, डोंबिवली

आज खोललं. जेवणाच्या टेबलावर पांढरी जुनी चादर अंथरली, पांढरी यासाठी की पडलेला बारीक स्क्रू दिसतो, आणि काढलेला प्रत्येक भाग काढल्या क्रमाने अंड्याच्या ट्रेमध्ये एकेका खणात ठेवत गेलो, वर प्रत्येक पायरीला फोटो. हा क्रम पुढे फार उपयोगी पडला, तेव्हा आळस करू नका.

हँडलच्या नटावर एक पातळ पट्टी असते आणि तिला बारीक स्क्रू, तो आधी. मग नट, हँडल, ड्रॅगचा (मासा ओढायला लागला की तंगूस ताणाखाली सुटू देणारा भाग) चांदणीसारखा तारा, त्याखाली दोन वाटीसारख्या स्प्रिंग वॉशर, त्यांची तोंडं कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो काढाच. मग अंगठ्याने फिरवायचे लांब स्क्रू सोडले की बाजूची प्लेट अलगद बाहेर येते आणि स्पूल हातात येतो.

आतलं दृश्य बघून वाईट वाटलं. सगळीकडे पिवळट तपकिरी चिकट थर, खळीसारखा. मामाला फोन केला तर म्हणाला तेल संपलं की खोबरेल घालायचो, घरात तेच असायचं. खोबरेल थंडीत थिजतं हे आपल्याला माहीत असतंच, पण इथे धूळ, खारी हवा आणि पितळेच्या संगतीत इतकी वर्षं राहून त्याचा अक्षरशः डिंक झाला होता. पितळी चक्रावर हिरवा कळंक. बेअरिंग दोन, स्पूलच्या दोन टोकांना एक एक, त्यातलं एक कसंबसं फिरतंय आणि दुसऱ्यात खडे आहेत असा आवाज. स्पूलला आवरणाऱ्या सेंट्रिफ्यूगल ब्रेकचे दोन बारीक ठोकळे असायला हवेत, एक पिनेवर डिंकात घट्ट चिकटलेला आणि दुसरा गायबच.

पण दाते बघितले आणि बघतच राहिलो. ४५ वर्षं झाली तरी चक्राच्या दात्यांची धार तशीच आहे, कुठे एक दाता झिजलेला नाही. ही कंपनी दक्षिण स्वीडनमधल्या स्वेंग्स्टा गावची, सामनची म्हणून नावाजलेली मोरूम नदी त्याच गावातून वाहते, पण सुरुवात मासेमारीने झालीच नव्हती. १९२१ साली तो घड्याळांचा कारखाना होता, मग टॅक्सीचे मीटर बनवायला लागले, आणि दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तर टॅक्सी कोण चालवणार आणि मीटर कोण घेणार, तेव्हा तीच यंत्रं आणि तेच कारागीर रीलकडे वळले. पहिलं अ‍ॅम्बॅसेडर १९५२ चं. प्लेट उघडून आत बघितलं की हे घड्याळजींचं काम आहे हे सांगावं लागत नाही.

८ जून, शनिवार

सफाईचा दिवस. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले, केमिस्टकडे मिळतं. धातूचे सगळे भाग त्यात तासभर, मग जुना टूथब्रश, दात्यांच्या फटीत दातकोरणी. ड्रॅगच्या फायबर चकत्या त्यात घालायच्या नाहीत, त्या वेगळ्या काढून नुसत्या कोरड्या पुसल्या.

हिरव्या कळंकाला बायकोने भांडी घासायची पावडर पुढे केली. ती बाहेरच्या भांड्याला ठीक, पण तिच्यात कण असतात आणि दात्यांना ते नकोत. त्यापेक्षा चिंच. चिंचेच्या कोळात पितळी चक्र १० मिनिटं ठेवलं, ब्रशने घासलं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आंबटपणा मारला, साध्या पाण्याने धुतलं आणि हेअर ड्रायरने खडखडीत वाळवलं. देवघरातल्या समईसारखं झालं एकदम.

पिनियनला, म्हणजे बारीक दात्यांच्या छोट्या चक्राला, वर-खाली करणारी जी काट्यासारखी पट्टी असते तिच्याखाली दोन बारीक स्प्रिंग असतात. दुसरी काढताना बोट सरकलं आणि ती उडाली. पाऊण तास शोधली, सोफा हलवला, गालिचा झटकला, शेवटी मुलीने स्पीकरचं लोहचुंबक ओट्याखाली फिरवलं आणि चिकटून आली. यापुढे ती पट्टी काढताना सगळं रील मोठ्या पारदर्शक पिशवीत घालूनच हात चालवायचे असं ठरवलंय.

संध्याकाळी बेअरिंग. एका बाजूला तारेची बारीक कडी असते, सुईने ती उचकटली की झाकणी निघते आणि आतले छर्रे दिसतात. अल्कोहोलमध्ये तीनदा हलवून धुतलं, पाणी काळं, मग भुरं, मग स्वच्छ. पेन्सिलीच्या टोकावर अडकवून टिचकी मारली. एक छान फिरलं. दुसरं मात्र धुऊनसुद्धा कुरकुरतंय, भिंगातून बघितलं तर छर्‍यांच्या वाटेवर गंजाचे खड्डे. ते आता सुधारणार नाही.

१५ जून, शनिवार

बेअरिंगचं माप घेतलं, आतलं भोक ३ मिमी, बाहेरून १० मिमी, जाडी ४ मिमी. हे माप बघून बरं वाटलं कारण हा ६२३ नंबर, एकदम साधा आणि सगळीकडे मिळणारा, थ्रीडी प्रिंटरवालेसुद्धा हाच वापरतात. रीलचं म्हणून वेगळं महाग बेअरिंग शोधायची गरज नाही.

मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो. पाऊस लागला होता, हातगाड्या आणि माथाडी आणि त्यातून वाट काढत तीन दुकानं केली. नंबरच्या पुढे जे अक्षर लागतं तिकडे लक्ष द्यायचं. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूला पत्र्याची झाकणी, ती आतल्या कडीला टेकत नाही. टूआरएस म्हणजे रबरी सील, ते टेकतं, पाणी चांगलं अडवतं पण स्पूलला घासतं, तेव्हा फेकायच्या रीलला ते नको. आणि साधं क्रोम स्टील खाऱ्या पाण्यात एका सीझनमध्ये गंजतं, स्टेनलेस मागायचं. स्टेनलेसमध्ये ६२३ झेडझेड दोन नग, दोन्ही मिळून दोनशेच्या आत. चांगलं होतं ते जुनं बेअरिंग पण ठेवून दिलंय, पण जोडी एकाच जातीची घालायची म्हणून दोन्ही नवीन.

सिरॅमिक छर्‍यांचं घ्या असं दुकानदार सांगत होता, किंमत ऐकून थांबलो. आधी साध्याने काय होतं ते बघू.

३० जून, रविवार

आज हातात काम कमी आणि कागदावर जास्त. पूर्ण भरलेल्या स्पूलभोवती दोरा गुंडाळून मोजला, एक वेढा साधारण १२.५ सेमी. आता हवेचा अडथळा सोडून शाळेतलं गणित मांडलं तर १०० मीटर लांब जायला शिसं हातातून सेकंदाला ३१ मीटरच्या वेगाने सुटलं पाहिजे, आणि प्रत्यक्षात हवा आहे म्हणजे त्याहून जास्तच. ३१ भागिले ०.१२५ केलं की सेकंदाला जवळजवळ २५० फेरे, म्हणजे मिनिटाला १५,०००. शून्यापासून तिथपर्यंत स्पूल पोचतो तो एका हिसक्यात. एवढ्याशा बेअरिंगवर एवढा भार येतो हे कळल्यावर खोबरेलाचा डिंक काय करत असेल ते वेगळं सांगायला नको.

आणि गुंता का होतो ते पण यातच आहे. शिसं हवेत गेलं की हवा त्याला अडवते, ते हळू होत जातं. स्पूलला कोण अडवत नाही, तो आपल्या जोरात फिरतच राहतो, जितका तंगूस बाहेर जातोय त्यापेक्षा जास्त सोडतो, आणि तो जास्तीचा तंगूस आतल्या आत फुलून वेढ्यात वेढा अडकतो. म्हणजे नुसता स्पूल मोकळा करून भागत नाही, त्याला वेळेवर आवरायला पण कोणीतरी पाहिजे. ते काम तीन जणांचं: ब्रेकचे ठोकळे, तेल, आणि अंगठा.

१४ जुलै, रविवार

ब्रेकचे ठोकळे. स्पूलच्या बाजूला समोरासमोर दोन पिना, प्रत्येकीवर एक बारीक ठोकळा मोकळा सरकतो. स्पूल फिरला की ठोकळे बाहेर फेकले जातात आणि धातूच्या कड्याला घासतात. यातली गंमत अशी की वेग दुप्पट झाला की घासायचा जोर चौपट होतो, म्हणजे सुरुवातीला जिथे स्पूल सगळ्यात जास्त भडकतो तिथे ब्रेक जास्त लागतो आणि वेग उतरला की आपोआप सोडतो. विजेचा संबंध नाही, चुंबक नाही, साधी सुंदर युक्ती.

जुना ठोकळा डिंकातून सोडवताना तुटला. मग नायलॉनची कांडी आणून कानसने घासून दोन नवीन बनवले, ड्रिलच्या बारीक बिटने भोक. इथे एकच अट, दोघांचं वजन सारखं पाहिजे, नाहीतर १५,००० फेऱ्यांना स्पूल थरथरणार. घरातल्या काट्यावर एवढं हलकं काही लागत नाही, म्हणून ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने सोन्याच्या काट्यावर ठेवले, एक ०.१३ ग्रॅम आणि दुसरा ०.११. तिथेच बसून पॉलिश पेपरवर घासला, परत ठेवला, परत घासला, चौथ्या वेळी दोन्ही ०.११. सोनाराने पैसे घेतले नाहीत, उलट आता रील कधी दाखवायला आणताय म्हणून विचारतोय.

ज्या कड्याला ठोकळे घासतात ते कडं अल्कोहोलने पुसून एकदम कोरडं ठेवलं. तिथे तेलाचा एक थेंब गेला तरी ब्रेक नुसता घसरतो.

बाजूच्या टोपीखाली एक पातळ तांब्याची चकती असते, स्पूलच्या दांड्याचं टोक तिच्यावर टेकतं. त्या चकतीला मधोमध खड्डा पडला होता, दुसरी आणेपर्यंत उलटी करून घातली. टोपी किती घट्ट करायची, तर स्पूल डावी-उजवीकडे हलवल्यावर अगदी बारीक टकटक जाणवली पाहिजे, त्याहून घट्ट केलं तर टोपीच ब्रेक होते आणि अंतर खाते. खूप जण गुंता टाळायला टोपी आवळतात, मी पण आधी तेच करायचो.

ग्रीस फक्त दात्यांना, पातळ थर. बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब. ब्रेकचे ठोकळे काढून टिचकी मारली: ३१ सेकंद. मे महिन्यात ५ होते.

१८ ऑगस्ट, रविवार, रेवदंडा

उद्या नारळी पौर्णिमा. सकाळी सहाच्या आसपास ओहोटी, पावसाने उघडीप दिलेली, वारा मात्र अंगावर. तोच रॉड, तेच शिसं, तोच तंगूस.

पहिली फेक ७८ मीटर. मी एकटाच ओरडलो. दुसरी फेक, स्पूल किंचाळल्यासारखा वाजला आणि आत तंगुसाचा गुंता, पक्ष्याचं घरटंच. सोडवायला २० मिनिटं गेली. तिसरी, मध्येच अडकून तंगूस तुटला आणि शिसं पुढे कुठेतरी ४० मीटरवर वाळूत घुसलं, हे बघून पाय जरा थरथरले. चौथी ७०. पाचव्याला परत घरटं आणि यावेळी कात्रीच काढावी लागली.

घरी येऊन मामासमोर रील ठेवलं. त्याने कानाशी धरून स्पूल फिरवला आणि विचारलं "तेल कुठलं घातलंस?" शिलाई मशीनचं म्हटलं. "पातळ आहे फार. आणि अंगठा कुठे असतो तुझा?" मी म्हटलं फेकलं की उचलतो. म्हणाला, "उचलायचा नसतो. दाबायचा पण नसतो. गरम तव्यावरून भाकरी परतताना मामी बोट लावते ना, तसं."

३१ सेकंदांचा आकडा बघून मी खूश झालो होतो पण टेबलावरची टिचकी आणि किनाऱ्यावरची फेक या वेगळ्या गोष्टी आहेत.

२४ ऑगस्ट, शनिवार, रेवदंडा

आठवड्यात दोन बदल केले, एका वेळी एक हा माझा नियम मोडून, कारण पुढच्या ओहोटीपर्यंत थांबायची तयारी नव्हती. बेअरिंगमधलं शिलाईचं तेल धुऊन काढून थोडं जाड, साधं २० नंबरचं इंजिन ऑइल घातलं. टिचकीचा वेळ ३१ वरून १७ सेकंदांवर आला. आणि शॉक लीडर बांधला. जोरात फेकताना पहिला हिसका साध्या तंगुसाला झेपत नाही, म्हणून पुढे जाड तुकडा लावायचा, अंदाज असा की शिशाच्या दर औंसाला १० पौंड ताकद. १०० ग्रॅम म्हणजे साडेतीन औंस, म्हणून ४० पौंडी लीडर घेतला, ८ मीटर, म्हणजे फेकायच्या वेळी त्याचे निदान सहा-सात वेढे तरी स्पूलवरच असतात. गाठ स्पूलच्या एका कडेला आणून ठेवायची, अंगठ्याखाली आली तर कातडी सोलवटते. आणि गाठ बारीक पाहिजे, या रीलला तंगूस एका छोट्या डोळ्यातून जातो, जाड गाठ तिथे ठोकर खाते आणि आवाजच सांगतो की आता पाच मीटर गेले.

दहाच्या सुमारास ओहोटी. ८१, ८४, ७९, ८८, ८३. सरासरी ८३. घरटं एकही नाही, एकदा थोडा फुगला होता पण अंगठ्याने आवरला. मोकळेपणा जवळजवळ निम्मा केला तेव्हा अंतर वाढलं, कारण आता मी न घाबरता पूर्ण जोर लावून फेकतोय. रविवारी हात आखडत होता ते आज कळलं.

८ सप्टेंबर, रविवार

गणपती. रीलला हात लावला नाही. आरतीनंतर मामाने सगळ्या भाच्यांना ते कसं घेतलं त्याची गोष्ट सांगितली, बोटीवरच्या दोन महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे गेले होते त्यात. हे मला माहीत नव्हतं.

मध्ये एका गरवणाऱ्या मित्राने सुचवलं होतं की बाजूच्या प्लेटला भोक पाडून निओडिमियम चुंबक बसव, स्पूल अ‍ॅल्युमिनियमचा आहे, त्यात प्रवाह तयार होऊन ब्रेक लागतो, बाहेरून स्क्रूने कमी-जास्त करता येतो. युक्ती चांगली आहे, इंग्लंडातले लांब फेकणारे या रीलवर हेच करतात, आणि लाइन गाइडसुद्धा (तंगूस ज्यातून जातो तो छोटा डोळा) काढून टाकतात. पण हे रील मी भोक पाडून परत देणार नाही. दुसरं एखादं जुनं मिळालं तर त्याच्यावर करून बघीन.

२० ऑक्टोबर, रविवार, रेवदंडा

आज फक्त तंगूस बदलला. ०.४५ काढून ०.३५ मिमी, लीडर तोच. पातळ तंगूस हवेत कमी अडतो, रॉडच्या रिंगमधून कमी घासतो, आणि स्पूलवर जास्त लांबी मावते त्यामुळे फेकीच्या शेवटीही वेढा मोठाच राहतो. भरताना ओल्या फडक्यातून ताणून, कडेपासून दोन मिलीमीटर खाली सोडून. गच्च काठोकाठ भरला तर कडेचे वेढे सुटतात.

आठच्या आधी ओहोटी, वारा पडलेला, समुद्र तळ्यासारखा.

९४, ९७, ९१, १०२, ९६. सरासरी ९६. चौथ्या फेकीला ५० मीटरची टेप दोनदा पूर्ण ताणून वर दोन मीटर आले तेव्हा परत मोजलं, मग आतेभावाला बोलावून त्याच्याकडून मोजून घेतलं. १०२.

मे ते आत्तापर्यंत: ५५, मग ८३, आता ९६. पावसाळी वाऱ्यातले ऑगस्टचे आकडे आणि आजचे शांत हवेतले आकडे सरळ शेजारी ठेवायचे नाहीत हे मान्य, आजच्या १३ मीटरमधले काही वाऱ्याचे असणार. पण मेमध्येही वारा फार नव्हता. तेव्हा ५५ ते ९६ मधला मोठा वाटा माझ्या मते डिंक काढल्याचा, आणि त्यानंतर जाड तेल आणि ठोकळ्यांचा. नवीन बेअरिंग गंजलेल्याच्या जागी पाहिजेच होतं, पण चांगलं असतं तर धुऊन चाललं असतं. सिरॅमिकचा विचार आता डोक्यातून काढलाय.

३ नोव्हेंबर, रविवार, चौल-रेवदंडा

भाऊबीज. मामाचे गुडघे दुखतात म्हणून यंदा आईच त्याच्याकडे आली. ओवाळून झालं आणि तो मला म्हणाला, "चल, भरती चढतेय." आई ओरडली, ऐकलं नाही त्याने.

रिक्षाने किनाऱ्यापर्यंत, तिथून सुरूच्या झाडांमधून हळूहळू. साडेदहा वाजले होते, चरीत पाणी भरत होतं, कोर्लईचा डोंगर धुरकट दिसत होता. बांगड्याचा तुकडा लावला. मी टाकणार तर त्याने हात पुढे केला. वय ७६. रॉड फार मागे नेला नाही, जोर असा लावलाच नाही, फक्त एक लयीत वळसा, आणि मी बघत होतो तो त्याच्या अंगठ्याकडे. अंगठा स्पूलवर होता आणि नव्हता. शिसं दुसऱ्या लाटेच्या पलीकडे पडलं, पाण्यात मोजता येत नाही पण बाहेर गेलेल्या तंगुसावरून मी ८० धरतो. पाणी उडालं त्याच क्षणी स्पूल थांबलेला होता, एक वेढासुद्धा ढिला नाही.

मग मी टाकलं, त्याच्यापेक्षा लांब गेलं आणि आत थोडा फुगला. तो काही बोलला नाही, अंगठा वर करून त्याचं टोक दाखवलं, तिथे जुना गुळगुळीत घट्टा आहे.

अकरा वाजून गेल्यावर त्याच्याच रॉडला शिंगाळा मासा लागला, दीड किलोच्या आसपास. ड्रॅगच्या जुन्या फायबर चकत्या पहिल्या धावेला जरा अडखळल्या, झटके देत सुटत होत्या. पुढचं काम तेच, त्या बदलून कार्बनच्या घालायच्या आणि टोपीखालची तांब्याची चकती पण नवीन.

घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली रील धुतलं, पुसलं, ड्रॅगचा तारा पूर्ण ढिला केला, बेअरिंगला एकेक थेंब. डब्यात ठेवायला गेलो तर मामा म्हणाला डबा राहू दे, खुंटीला टांग, परवा अष्टमीच्या आधी एकदा जाऊ.